चार्ज

रविवारपासून गोदामाचा चार्ज देतोय.
दम्मामच्या हेड ऑफिसातून आलेल्या कागदावर
'ज्ञानाचे हस्तांतर' म्हटलंय, अरबीत, दोन शिक्के मारून.
मी आपला म्हणतो, चार्ज.

घेणारी अनूद. वय चोवीस.
पहिल्या दिवशी तिनं हाक मारली, "अम्मी",
आणि मी मागे वळून बघितलं, कुणाची आई आली इथे?
मग पेटलं डोक्यात: अरबीत अम्मी म्हणजे काका.
सत्तावीस वर्षांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं.
या गोदामात बाईच आली नव्हती,
बाईसाठी संडास नव्हता. तो गेल्या महिन्यात झाला.
टाइल बसवणारा पोरगा नेपाळचा, कर्ज काढून आलेला;
विचारत होता, इथे नोकरी किती वर्षं टिकते?
म्हटलं, टाइल सरळ धर.

तिला शिकवतो:
हा फ्लँज, आठ इंची. हे त्याचं गॅस्केट.
ऑगस्टमध्ये समुद्राकडून ओल सुटली
की खालच्या खोक्यांचा पुठ्ठा बसतो,
तेव्हा खोकी मोजायची नाहीत,
हात घालून नग मोजायचे.
कंप्यूटर म्हणेल चाळीस. असतील छत्तीस.
चार गेले कुठे, ते विचारायचं नाही;
शटडाउनच्या रात्री दोन वाजता
कुणीतरी अजीजीनं नेलेले असतात.

ती टॅबवर लिहून घेते, बोटानं.
मग रॅकवरची माझी अक्षरं दाखवते: हे काय?
काळ्या मार्करनं, माझ्याच सोयीसाठी,
'गंजके'. 'विचारून द्या'. 'अदमासे'.
पहिले दोन सांगितले.
तिसऱ्याला तक़रीबन म्हटलं, पण ते पुरेना.
म्हटलं, उचलून बघ.
हे खोकं, आणि ते. कुठलं संपत आलंय?
तिनं डोळे मिटले. बरोबर सांगितलं.
मला आनंद झाला,
आणि आनंद झाला म्हणून लगेच राग आला.

राग धरायचा कुणावर, तेही उमगेना.
माणशी फी लागली त्या वर्षी
रुकय्या आणि मुली बाणकोटला गेल्या,
तीन बॅगा, शाळांचे दाखले, अर्धी वापरलेली गॅसची टाकी शेजाऱ्याला.
पाच टक्क्यांचे पंधरा झाले, मी चहातलं दूध सोडलं.
वाटायचं, हे सगळं आमच्याच माथी.
अनूद म्हणते, तिच्या वडिलांचं पडद्यांचं दुकान
त्याच उन्हाळ्यात बसलं.
आता ती गाडी चालवते:
आधी त्यांना डायलिसिसला सोडते, मग इथे.
भाऊ अजून बोलत नाही तिच्याशी.
गाडी मात्र मागून नेतो.

गेटसमोर मोठा फलक लागलाय.
येणार ते शहर: काच, झाडं, हसणारी माणसं.
माणसांना सावल्या नाहीत.
मी म्हटलं, यात गोदाम कुठेच दिसत नाही,
एवढं सामान ठेवणार कुठे?
ती हसली. "अम्मी, ठेवायचंच नाही.
लागेल तेव्हा थेट येणार. दोन वर्षं, फार तर तीन."
मग तू?
तिनं खांदे उडवले,
अगदी मी उडवतो तसे.
हे मी शिकवलं नव्हतं.

गुरुवारी जुन्या रजिस्टरात
सवयीनं वर लिहिलं, 'मागील पानावरून पुढे',
आणि पुढे लिहायला काही नव्हतं.
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.
ती मोजत गेली: नऊ, दहा, अकरा.
म्हटलं, यातली एक कशालाच लागत नाही.
कसली आहे?
मी आलो तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं.
"मग काढू?"
नको. सही अकरावर आहे.
तिनं अकरा लिहिले.